दवाखान्यातला आकडा

मल्लेश्वरम,
९ जानेवारी २०२५

शार्दूल,

आशीर्वाद आहेत. राग असला तरी ते चालूच असतात, म्हणून आधी लिहून टाकते.

आज डॉ. विद्याधरांकडे सही आणायला गेले होते. पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतात आणि लायसन्सची मुदत संपते. नवं करायचं तर गाडी चालवायला मी ठीक आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. तुला हे माहीत आहे, दिवाळीत मीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि पेन खिशात ठेवलं. वरचा एकशे ब्याऐंशी. मी म्हटलं, घरी मोजते तेव्हा एकशे पंचवीसच्या आसपास येतो. ते म्हणाले, घरची मशिनं काहीही दाखवतात. आणि मग, जणू मला माहीतच असणार अशा आवाजात म्हणाले, "सुचेताताई, शार्दूलशी माझं बोलणं झालंय. तुम्ही आता गाडी थांबवावी असंच त्यालाही वाटतं."

मी खुर्चीवरून उठले, पर्स घेतली आणि बाहेर आले. नमस्कारसुद्धा केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तू माझ्या पाठीमागे माझ्या डॉक्टरांना फोन केलास. डिसेंबरमध्ये माझ्या गाडीची किल्ली खिशात घालून निघून गेलास तेव्हा मी तुला म्हटलं होतं, परत येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी किल्ली कुरिअरने आली, सोबत एक ओळ नाही. मला वाटलं, चला, मुलाला चूक कळली. आज कळलं की तू फक्त रस्ता बदललास.

किल्ली नेलीस त्या दिवशी संपिगे रोडवर काय झालं ते तू कोणाला विचारलंस का? मी पाय लटपटून फुटपाथवर बसले, एवढंच तुला दिसलं. मी गाडीत नव्हते. भाजी घेऊन उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शेषगिरींनी मला एका दुकानाच्या पायरीवर टेकवलं, मजिगे, म्हणजे ताक, पाजलं, आणि दहा मिनिटांत मी माझ्या पायांनी उठले. त्याच्या आदल्या आठवड्यात विद्याधरांनी तिसरी गोळी वाढवली होती. त्याआधी मला कधी अंधारी आली नव्हती. हे मी तुला त्या दिवशी सांगत होते, आणि तू म्हणत होतास, "आई, प्लीज, आर्ग्यू करू नकोस."

मी आर्ग्यू करणार. बावीस वर्षं या गावात मी बायकांना गाडी शिकवते. रिक्षावाले, बसवाले, मागून हॉर्न वाजवणारे, सगळ्यांशी करत आले. तुझ्याशीही करीन.

फोन करत नाही, कारण तू मध्येच "हो, हो" करतोस. कागद तुला पूर्ण वाचावा लागेल.

आई


मल्लेश्वरम,
१८ जानेवारी

शार्दूल,

तुझं उत्तर नाही. निधीचा मेसेज आला, तब्येत कशी आहे म्हणून. तिला म्हटलं, उत्तम. तुझी बायको आहे म्हणून मध्ये उभं राहायची जबाबदारी तिच्यावर टाकू नकोस.

आता इथे काय झालं ते ऐक. शेषगिरींना माझी काळजी लागली. ड्रायव्हिंग स्कूल आम्हा दोघांचं, अर्धे विद्यार्थी त्यांचे, पण बायका येतात त्या माझ्याकडे शिकायला. ते म्हणाले, "अक्का, स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं जमवून घ्या. एक एजंट आहे, डॉक्टरची सही करून आणतो, तुम्हाला जायलाही नको." माणूस भला आहे, माझ्यासाठीच म्हणत होता. मी नाही म्हटलं. ज्या बायकांना मी आठचा आकडा काढायला लावते, चुकलं की परत लावते, त्यांच्यासमोर विकतची सही घेऊन कशी बसू? आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत करून घ्यायचं होतं. घरचा आकडा खरा की दवाखान्यातला.

गोळ्या मी मनाने बंद केलेल्या नाहीत, हे तुझ्यासाठी अधोरेखित करते. तिन्ही घेत होते. तुझे बाबा गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये सरकवून बोम्मसंद्राच्या कारखान्यात बारा-बारा तास उभे राहायचे आणि म्हणायचे, मला काही होत नाही. तो रस्ता कुठे जातो ते मी पाहिलंय. मी त्या रस्त्यावर नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने डॉ. पवित्रांचं नाव सांगितलं. निपाणीकडच्या आहेत, चाळिशीच्या आतबाहेर, मराठी बोलतात, मध्येच कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणतात. अंगात पांढरा कोट नव्हता, साधा निळा कुर्ता. मला वाटलं, आता बघू. त्यांनी पट्टा बांधला. एकशे शहात्तर.

मी म्हटलं, मी तुम्हाला घाबरले वगैरे नाही बरं का.

त्या म्हणाल्या, "तुम्ही नसाल घाबरत. तुमचा हात घाबरतोय."

मला ते आवडलं नाही. पण त्यांनी मला खोलीत एकटीला बसवून मशीन लावून दिलं आणि बाहेर गेल्या. मशीन आपलं आपण मोजत राहिलं. त्या परत आल्या तोवर आकडा एकशे चाळीसवर आला होता. दार उघडलं आणि पुन्हा वर गेला. मी स्वतः पाहिला. मला हसू आलं आणि रागही आला, कारण हे माझ्याच अंगात चाललेलं आणि मला विचारून नाही.

त्यांनी सांगितलं, याला व्हाइट कोट म्हणतात. दवाखाना दिसला की काहींचं प्रेशर चढतं. ज्यांना मुळात प्रेशर आहे आणि गोळ्या चालू आहेत, त्यांच्यातही होतं. मग डॉक्टरला वाटतं गोळी पुरत नाही, तो आणखी देतो, आणि बाहेर रस्त्यावर माणसाचं प्रेशर खाली जातं. "फुटपाथवर बसलात ना, ते यामुळे असू शकेल," त्या म्हणाल्या. असू शकेल, म्हणाल्या. आहेच असं नाही म्हणाल्या. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे, म्हणजे तुला नंतर पकडता येणार नाही.

आता त्या एक मशीन देणार आहेत, पूर्ण दिवस-रात्र दंडाला बांधून ठेवायचं. ते सारखं मोजत राहतं, घरी, बाजारात, झोपेत. जे निघेल ते तुला कळवीन. माझ्या बाजूचं निघालं तरी, तुझ्या बाजूचं निघालं तरी.

आई


मल्लेश्वरम,
२६ जानेवारी

शार्दूल,

माझ्या बाजूचं निघालं.

आधी तो दिवस सांगते. मशीन कमरेला, त्याची नळी ब्लाउजच्या आतून दंडापर्यंत. थोड्या थोड्या वेळाने घुर्रर्र करून पट्टा आवळायचं आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवायचा. म्हणून त्या दिवशी मी स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढे शेजारच्या सीटवर शेषगिरी बसले, मी मागे बसून शिकवलं. चालवत होत्या चंद्राबाई. अथणीच्या आहेत, मार्केटात हारांचं दुकान. नवऱ्याच्या मागे टेम्पो दारात उभा आहे आणि ड्रायव्हर रोज नवं नाटक करतो, म्हणून स्वतः शिकतायत. पहिल्यांदा माझं मशीन घुरघुरलं तेव्हा त्यांना वाटलं गाडीचंच काही बिघडलं. चौकाच्या मधोमध त्यांनी गाडी बंद पाडली. चारी बाजूंनी हॉर्न. शेषगिरी कपाळाला हात लावून बसले. मी मागून म्हटलं, चंद्राबाई, जग गेलं खड्ड्यात, तुम्ही क्लच दाबा. त्यांनी दाबला, गिअर टाकला, निघाल्या. पलीकडे गेल्यावर म्हणाल्या, "अक्का, मी पार घामाघूम झाले, तुमचं मशीन मला लावा."

त्या चौकातला माझा आकडा किती होता माहीत आहे? एकशे अठ्ठावीस. डॉ. पवित्रांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं. वेळ मी लिहून ठेवली होती. चारी बाजूंनी बसेस अंगावर येताना एकशे अठ्ठावीस, आणि खुर्चीत बसून डॉक्टरच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघताना एकशे शहात्तर.

सगळ्या दिवसाची सरासरी नॉर्मल. झोपेत नॉर्मल. दुपारी, तिसऱ्या गोळीनंतर, एकदम खाली, नव्वदीत. त्या म्हणाल्या, संपिगे रोडचं उत्तर बहुतेक हेच. तिसरी गोळी त्यांनी काढली. दोन चालू, त्या कायमच्या. घरी सकाळ-संध्याकाळ मोजायचं.

मी कागद विद्याधरांकडे नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बराच वेळ वाचला. मग म्हणाले, बरं झालं केलंत. माफी मागितली नाही, मी मागायलाही लावली नाही. पण तुझ्याशी झालेल्या बोलण्याचा त्यांनी पुन्हा उल्लेख केला नाही.

इथे मी पत्र संपवणार होते. पण डॉ. पवित्रांनी एक विचारलं, ते तुला सांगायला हवं. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? म्हणजे दवाखान्यातच चढणं. मी म्हटलं, काय माहीत. घरी येताना रिक्षात आठवलं.

तुझे बाबा आयसीयूत होते तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. तू जर्मनीहून निघाला होतास. ते दार काचेचं होतं, दुधी काचेचं, त्यातून माणूस दिसत नाही, नुसतं पांढरं हलताना दिसतं. ते पांढरं दाराजवळ आलं की काहीतरी कळायचं. आधी कळलं की मेंदूत रक्तस्राव आहे. मग कळलं की उजवी बाजू गेली. मग कागदावर सही हवी होती. मग दुसऱ्या कागदावर. चांगलं सांगायला ते दार एकदाही उघडलं नाही. मी रडले नाही, कोणालाही विचार, अर्धा बोम्मसंद्रा बाहेर उभा होता. सगळ्यांना चहा मिळाला की नाही ते मी बघत होते.

मी कोणालाच भीत नाही, हे मी अजूनही म्हणते. पण हाताला त्याचं काय ते आठवतंय, असं दिसतं.

आई


मल्लेश्वरम,
७ फेब्रुवारी

शार्दूल,

हे पत्र मी दोनदा फाडलं. पण २६ तारखेचं पत्र तुझ्या हातात असताना हे न पाठवणं बरं नाही.

सही घ्यायला गेले तर डॉ. पवित्रा म्हणाल्या, एक तपासणी राहिली आहे, ती करून मग देते. त्याही दिवशी मी ताठ मानेने गेले होते, विजयी मुद्रेने. झोपवलं, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले. दुखत नाही. हृदयाचा ठोका निघाला की तो पायापर्यंत किती वेगाने पोचतो, ते मोजतात. रक्तवाहिनी लवचिक असली तर तो सावकाश जातो. ताठरली असली तर झपकन जातो. गाडीच्या रबरी पाइपांचं जे होतं तेच, मऊ असतात तोवर धक्का पोटात घेतात.

माझा ठोका झपकन जातो.

मी विचारलं, किती वाईट? त्या म्हणाल्या, तुमच्या वयाला जेवढं असावं त्याहून जास्त ताठ. सत्तरीच्या माणसाच्या असतात, साधारण तशा.

मी भांडले. म्हटलं, आत्ताच तर तुम्ही म्हणालात की माझं प्रेशर नॉर्मल आहे, ते नुसतं दवाखान्यातलं आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "दवाखान्यातलं आहे म्हणून खोटं आहे, असं मी कधी म्हटलं नाही."

मग त्यांनी समजावलं. गोळ्या सुरू होण्याआधी किती वर्षं माझं प्रेशर गुपचूप वाढलेलं होतं, ते कोणालाच माहीत नाही. त्याने ताठरल्या असतील. वाहिन्या ताठर म्हणून दवाखान्यात आकडा एवढी उडी घेतो, असंही असेल. किंवा अशा उड्यांनीच थोडं थोडं ताठरवलं असेल. कोणतं आधी, कोणतं नंतर, ते नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. दवाखान्यात चढतं तसं इतरत्रही चढत असेल, आपण प्रत्येक वेळी मशीन लावलेलं नसतं. म्हणून सोडून द्यायचं नाही आणि घाबरून गोळ्यांवर गोळ्याही ढकलायच्या नाहीत. मीठ कमी, चालणं रोज, दोन गोळ्या नेमाने, दर सहा महिन्यांनी तपासणी.

"आणि गाडी?" मी विचारलं.

त्या जरा थांबल्या. तेवढ्यात माझ्या हाताचं काय झालं असेल ते मोजायची गरज नव्हती.

"गाडीला यामुळे अडचण नाही," त्या म्हणाल्या. "ज्यामुळे अडचण होती ती गोळी आपण काढली. पण चक्कर आल्यासारखं वाटलं, अगदी जरासंही, तर त्या दिवशी किल्ली हातात घ्यायची नाही. हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी म्हणाले. मोठ्याने, एकेक शब्द. त्यांनी सही केली.

तर आता तुझ्या हातात हे आहे. तुझी आई साठीची आणि तिच्या वाहिन्या सत्तरीच्या. हे पत्र घेऊन तू विद्याधरांकडे जाऊ शकतोस, पवित्रांकडे जाऊ शकतोस, म्हणू शकतोस की बघा, मी म्हणत नव्हतो? जा. मी अडवणार नाही. लपवून जिंकायचं असतं तर एजंटची सहीच घेतली असती.

पण हेही वाच. मला काहीतरी झालेलं आहे, हे मी मान्य करते. म्हणून माझं काय करायचं ते दुसऱ्या कोणी माझ्या पाठीमागे ठरवायचं, हे मी मान्य करत नाही. पुढे कधी गाडी थांबवायची वेळ येईल. ती मी ओळखीन. मला ओळखता आली नाही तर माझ्यासमोर बस आणि माझ्या तोंडावर सांग. मी आरडाओरडा करीन. तरी सांग.

आई


मल्लेश्वरम,
२० फेब्रुवारी

शार्दूल,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, ओळ उजवीकडे चढत जाते. मी बाल्कनीत बसून वाचलं, मग आत येऊन वाचलं.

तू लिहिलंस, "बाबा फोनवर म्हणायचे, घेतो रे गोळ्या, आणि मी विश्वास ठेवायचो. आता तू म्हणतेस घेते, तर मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. तू फुटपाथवर बसलेली दिसलीस तेव्हा मला वाटलं, या वेळी मी निदान गावात आहे, या वेळी काहीतरी करू शकतो. मग जे सुचलं ते केलं."

हे तू डिसेंबरमध्ये बोलला असतास तर मी तुला जेवायला वाढलं असतं. किल्ली घेतलीस म्हणून मला दुसरंच वाटलं. मला वाटलं, मी म्हातारी झाले असं तुला दिसलं आणि तू पुढच्या कामाला लागलास.

बाबा गेले तेव्हा तू विमानात होतास, ते तुझ्या हातात नव्हतं. माझ्याही नव्हतं, मी तर दारातच बसले होते. त्या बाकाचं ओझं तू माझ्यावर टाकायचं नाहीस आणि मी डॉक्टरांवर. माझ्या हाताला हे समजायला वेळ लागेल. परवा पवित्रांकडे एकशे बासष्ट आला. त्या म्हणाल्या, सुधारणा आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी खोलीत माझ्याशी भांडत बसा, भांडताना माझा नॉर्मल येतो.

तू विचारलंस, येऊ का. शेवटी, अगदी लहान अक्षरात.

नको. तू येऊ नकोस, मी येते. लायसन्स काल नवं झालं, अजून पाच वर्षांचं. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना निघेन आणि पुलावरून थेट तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक सिटीला येईन. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी मोजीन, आणि जरा जरी डोकं हलकं वाटलं तर निघणार नाही, तुला फोन करीन, आणि त्या वेळी तू ये. मी दिलेला शब्द आहे, तो तुझ्यासाठी वेगळा नाही.

माझ्या दोन अटी आहेत. आल्यावर तू विद्याधरांना फोन लावायचास, माझ्यासमोर, स्पीकरवर, आणि म्हणायचंस की आईबद्दल बोलायचं असेल तर आईशी बोला. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांना हे तुझ्या तोंडून कळायला हवं.

दुसरी अट, निधीला सांग माझ्यासाठी वेगळं बिनमिठाचं काही करू नये. जे कराल त्यात सगळ्यांनाच मीठ कमी घाला. तुझं वय पस्तीस झालं, आणि तू सूर्यकांतचा मुलगा आहेस. दंडाला पट्टा बांधून तू शेवटचं कधी मोजून घेतलंस, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. रविवारी मी मोजणार आहे. आर्ग्यू करू नकोस.

आई